लिमयेकाकांची चाकं

श्रीनिवास लिमये यांच्या गाडीची डाव्या बाजूची दोन चाकं मी तपासली नव्हती. तपासल्याची खूण मात्र केली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या मित्राला बाकी सगळं सांगतो त्यालाही नाही. खरं तर त्यांच्याविषयी चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसलो होतो, पण कागदावर पहिलं हेच उतरलं. आता ते तिथेच राहू दे. खोडलं तर पुन्हा लिहिण्याचा धीर होणार नाही.

लिमये आमच्या कंपनीत आले तेव्हा आम्ही सगळे पंचविशीच्या अलीकडे-पलीकडे होतो आणि ते पन्नाशीला टेकलेले. पिंपरीच्या एका कारखान्यात, क्वालिटी खात्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती पुढे केली, ती त्यांनी घेतली, संगणकाचा एक कोर्स केला आणि औंधात आमच्याकडे टेस्टर म्हणून रुजू झाले. आमच्यात सगळ्यांनी सगळ्यांना नुसत्या नावानं हाक मारायची पद्धत होती, अगदी मोठ्या साहेबालासुद्धा. पण लिमयांना 'श्रीनिवास' म्हणायला कुणाची जीभ वळली नाही. ते पहिल्या आठवड्यातच काका झाले.

इतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही. लिफ्टमध्ये शिरले की ते आधी भिंतीवरची वजनाची पट्टी वाचायचे आणि मग आतल्या माणसांकडे बघायचे. एकदा एका नव्या मॅनेजरबाईंना त्यांनी शांतपणे विचारलं, "आपलं वजन किती?"

बाई म्हणाल्या, "एक्स्क्यूज मी?"

"ते नंतर. आधी आकडा सांगा. इथे आठ माणसं लिहिलीत, पण लिहिणाऱ्यानं माणूस बारीक धरलाय."

बाई लिफ्टमधून बाहेर पडल्या आणि जिन्यानं गेल्या. काकाही त्यांच्या मागोमाग जिन्यानंच गेले, कारण लिफ्टमध्ये तरीही एक जण जास्त होता म्हणे.

बूट घालण्याआधी ते उपडे करून झटकायचे. "काका, चौथ्या मजल्यावर विंचू कुठून येणार?" असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं. "लिफ्टनं येणार नाही. जिन्यानं निघाला असेल तर त्याला अडवणारा तू कोण?" पण या घाबरण्याचा ते पगार घेत होते, आणि कंपनीला तो पगार परवडत होता. आम्ही लिहिलेला प्रोग्रॅम त्यांच्या हाताखालून गेला की त्यातलं कुजकं कुठे आहे ते बाहेर यायचंच. "धीट माणूस एकदा बघतो," ते म्हणायचे. "भित्रा परत बघतो. नोकरी भित्र्याला द्यावी."

कारखान्यातून त्यांनी एक नियम बरोबर आणला होता. ज्यानं काम केलं त्यानं ते तपासायचं नाही, दुसऱ्यानं तपासायचं. तिथे म्हणे फिटरनं नट आवळला की दुसरा माणूस तोच नट पुन्हा पान्यानं ताणून बघायचा आणि मग नटावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायचा. नट जराही फिरला तर रेघ मोडते, लांबूनही दिसते. आमच्याकडे नट नव्हते, म्हणून काका छापलेल्या कागदावर पिवळ्या स्केचपेननं रेघ मारायचे. मात्र रेघ ओढली की त्या माणसाला परत विचारायचं नाही, हा नियमाचा दुसरा भाग. "विचारलंत तर तुम्ही त्याच्या रेघेला खोटं म्हटलंत. मग रेघ कशाला? सरळ देवाचं नाव घ्या."

हा दुसरा भाग माझ्या नशिबी पुढे असा येईल हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

असल्या माणसानं स्पोर्ट्स कार घ्यावी याचं ऑफिसात कुणालाच आकलन झालं नाही. दोनच माणसांची, बुटकी, फायबरच्या बॉडीची, टप उघडणारी लाल गाडी. इंजिन आतलं एका साध्यासुध्या गाडीचं. कोरेगाव पार्कातल्या कुणाचा तरी हौशी मुलगा परदेशी गेला आणि ती काकांच्या वारज्याच्या सोसायटीत येऊन उभी राहिली. वारजे तेव्हा निम्मं शेत होतं. गाडी बघायला गुराखी थांबायचे.

मी विचारलं, "काका, तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटते म्हणूनच घेतली. मोठ्या गाडीत गाद्यांवर बसून भीती कळत नाही, आणि न कळलेली भीती माणूस मारते. ही रस्त्यावरचा खडासुद्धा बुडाला सांगते. खोटं बोलत नाही."

लिमयेकाकू त्या गाडीत कधीच बसल्या नाहीत. चहा पुढ्यात ठेवता ठेवता मला म्हणाल्या, "आम्ही बरे रिक्षात. तिला मुळातच चाक एक कमी. निखळायची भीती तेवढीच कमी." काका हसले नाहीत. त्यांनी उठून गॅसचा नॉब बंद आहे ना ते बघितलं.

मुलगी मुग्धा, तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तिचा गाडीवर फार जीव. पुसायची, टप उघडून नुसती आत बसून राहायची. पण रस्त्यावर तिला काकांनी कधी नेलं नव्हतं. मूळची लोखंडी चाकं जड होती. खड्ड्यातून गेली की उसळायची आणि क्षणभर रस्ता सोडायची. तो क्षणभर काकांना झोपू देत नव्हता. "चाकं बदलल्याशिवाय तुला बसवणार नाही," असं त्यांनी तिला सांगितलं होतं. पोरगी दर रविवारी विचारायची, "बाबा, चाकं?" आणि काका म्हणायचे, "बघतोय."

ते बघणं म्हणजे काय हे मला नाना पेठेत कळलं. शनिवारी शनिवारी मी त्यांच्याबरोबर जायचो, का ते आता सांगता येणार नाही. मला गाड्यांचं वेड नव्हतं. त्यांच्याबरोबर असलं की जगात कुणीतरी लक्ष ठेवून आहे असं वाटायचं, इतकंच असेल. दुकानदार चकचकीत अलॉय चाकं भिंतीवर टांगून ठेवायचे, कुठे फुलासारखी, कुठे तलवारीच्या पात्यांसारखी. काका नक्षीकडे बघायचेच नाहीत. एका दुकानात त्यांनी पिशवीतून रद्दीवाल्याकडचा आकड्याचा काटा काढला, चाकाला अडकवला आणि मला म्हणाले, "उचल."

दुकानदार म्हणाला, "साहेब, चाक घेताय का भाजी?"

"भाजी फसली तर एक वेळ उपाशी राहीन. हे फसलं तर तुम्ही याल का दहाव्याला?"

मग त्यांनी चाक टांगून त्यावर स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं टिचकी मारली आणि कान लावून ऐकत राहिले, माठ घेताना बायका ऐकतात तसे. बद्द आवाज आला. "आत चीर आहे. नाहीतर ओतताना हवा राहिलीय. ठेवा परत." दुकानदारानं ते चाक निमूट मागे नेलं आणि आम्ही बाहेर पडेपर्यंत पुन्हा त्याच खिळ्याला टांगलं.

हलकं चाक कशाला हवं, हे त्यांनी आम्हाला कॅन्टीनमध्ये समजावलं होतं. "पाठीवर दगड घेऊन पळ, आणि तेवढाच दगड चपलेला बांधून पळ. काय जास्त अवघड? चाकाचं वजन हे चपलेतलं वजन. ते कमी झालं की गाडीचा पाय रस्त्यावर नीट पडतो. लोक हलकी चाकं जोरात पळायला घेतात. मला ती रस्ता धरायला हवीत." पण हलकं म्हणजे किती हलकं याची त्यांना धास्ती. फार हलकं म्हणजे पातळ, आणि पातळ म्हणजे आपल्या खड्ड्यांत तडकणार. जड घेतलं तर उसळणार. त्या दोन भीतींच्या मधली जागा ते शोधत होते. मधली भोकं जुळायला हवीत, चाक आत-बाहेर किती बसतं ते जुळायला हवं, किती भार पेलतं ते आतल्या बाजूला कोरलेलं असायला हवं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. शेवटी भवानी पेठेच्या तोंडाशी एका जुन्या दुकानात, धूळ खात पडलेली, नक्षी नसलेली, साधी करडी चाकं मिळाली. काकांनी टिचकी मारली. आवाज बराच वेळ लांबला.

"ही," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती तेवढ्यापुरती गेलेली मी एकदाच पाहिली, ती तेव्हा.

पुढच्या शनिवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांनी स्वतः चाकं बसवली. समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळत, किती जोर लागला ते दाखवणाऱ्या टॉर्कच्या पान्यानं. मग मला शेजारी बसवलं. अलॉयचं नवं चाक पहिल्या रपेटीत बसतं, नटाखालचा रंगाचा थर दबतो आणि घट्ट आवळलेला नटही सैल पडतो. म्हणून रपेट मारायची, चाक गार होऊ द्यायचं आणि पुन्हा आवळायचं. हे त्यांनी मला त्या दिवशी दोनदा सांगितलं. मी दोनदा हो म्हटलं.

आम्ही खडकीवरून जुन्या हायवेनं देहूरोडच्याही पुढे जाऊन आलो. त्या गाडीत माणूस जवळजवळ रस्त्यावर बसतो. ट्रक शेजारून गेला की त्याचं चाक कानाशी गरगरतं आणि त्याच्या नटांवरचा चिखल मोजता येईल असं दिसतं. मी दाराची कडी धरून बसलो होतो. काका मात्र हलकेच म्हणाले, "बघ, उसळत नाही."

खाली मुग्धा उभीच होती. "बाबा, आता?"

"उद्या. गार होऊ दे. शिरीष बघेल, पिवळी रेघ ओढेल, मग. उद्या सकाळी खडकवासला." त्यांनी पाना आणि पिवळ्या रंगाची बाटली माझ्या हातात दिली. "मी आवळलेत, म्हणजे मी बघायचं नाही. नियम म्हणजे नियम." आणि ते वर आंघोळीला गेले.

चाकं गार झाल्यावर मी उजव्या बाजूची दोन्ही नीट ताणली. प्रत्येक नट थोडा थोडा फिरला. म्हणजे सैल पडले होते, काका म्हणाले तसेच. मी ते आवळले, रेघा ओढल्या. डावीकडे आलो आणि खिशातला फोन वाजला. ऑफिसातून. माझाच प्रोग्रॅम अमेरिकेत गिऱ्हाइकाकडे कोसळला होता, आणि तो माझ्या हातून कोसळल्याचं तिकडे सगळ्यांना कळलं होतं. साहेब एवढंच म्हणाले, "कुठे आहेस?" नोकरी जाणार, असंच वाटलं. पाना खाली ठेवला. डाव्या नटांकडे बघितलं आणि मनाशी म्हटलं, लिमयेकाकांनी आवळलेत म्हणजे घट्टच असणार. उजवीकडचेही त्यांनीच आवळले होते आणि तरी फिरले होते, हे पाचेक मिनिटांपूर्वीचं मी त्या क्षणी विसरलो असं मला म्हणायला आवडेल. विसरलो नव्हतो. रेघा ओढायला वेळ लागत नाही. ओढल्या, आणि वर हाक मारली, "काका, झालं!"

खिडकीतून त्यांनी फक्त हात केला. विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला. त्या रडत नव्हत्या. "शिरीष, यांना बोलता येत नाहीये. तू ये," आणि हॉस्पिटलचं नाव. शिवण्याच्या पुढे, लष्करी अकादमीच्या भिंतीच्या अलीकडे, पुढचं डावं चाक निघालं होतं. गाडी डावीकडे, मुग्धाच्या बाजूनं, मोरीच्या कठड्यावर गेली. तिथला टपरीवाला मुग्धाला उचलून टेम्पोत घालून घेऊन आला होता आणि अजून कॉरिडॉरमध्येच उभा होता. मला म्हणाला, "सायेब, आदी चाक आलं. माज्या टपरीवरनं पळत गेलं. मी म्हनलं ह्ये कुनाचं चाक, आन् मंग गाडी आली. लई हळू व्हते वो ते. लईच हळू व्हते, म्हनून वाचले."

काका बाकावर बसले होते. कपाळाला पट्टी. मुग्धा आत होती, शुद्धीवर नव्हती. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि वाट बघत राहिलो. आता विचारतील. तू बघितलं होतंस ना? एवढंच. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू जेवलास का?"

मला त्या वेळी जी भीती वाटली ती लिमयांच्या कुठल्याही भीतीपेक्षा मोठी होती, आणि त्यांच्यासारखी शहाणी नव्हती. गाडी नऱ्ह्याच्या एका गॅरेजात ओढून नेली होती. कुणीतरी जाऊन बघायला हवं होतं. मी म्हटलं, मी जातो.

गॅरेजच्या मागच्या अंगणात ती एका कुशीवर वाकून उभी होती. पुढच्या डाव्या बाजूला चाकच नव्हतं. निखळलेलं चाक कुणीतरी आणून तिला टेकवून ठेवलं होतं. नटांची भोकं लांबट झाली होती, कडा चघळल्यासारख्या. मी मागच्या डाव्या चाकापाशी बसलो. पिवळ्या रेघा मोडल्या होत्या. नट बोटानं फिरला. पान्याची गरजच नव्हती. बोटानं.

मेकॅनिक चहा आणायला गेला होता. मी अंगणातलाच पाना घेतला आणि मागचे नट आवळले. रंगाची बाटली शनिवारपासून माझ्या बॅगेतच होती. जुनी रेघ नखानं खरवडली आणि नवी ओढली. रेघ सरळ आली. मागे कुत्रं गुरगुरलं तशी मी बाटली घाईनं बॅगेत टाकली.

तिसऱ्या दिवशी मुग्धा शुद्धीवर आली. मग काका गाडी बघायला गेले आणि मला बरोबर घेऊन गेले. त्यांनी एकेका चाकापाशी बसून रेघा बघितल्या. मागच्या डाव्या चाकाच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि तिथे ते जरा जास्त वेळ थांबले. मग ते निखळलेल्या चाकाकडे वळले, लांबट भोकात अंगठा घातला.

"धातू मऊ निघाला," ते म्हणाले. "बाकी तीन घट्ट आहेत, म्हणजे नटांचा दोष नाही. आवाज चांगला होता रे. मी आवाजावर गेलो. वजनाच्या मागे लागलो." आणि थोड्या वेळानं, "तुझी रेघ होती, म्हणून तेवढी तरी शंका मिटली. नाहीतर जन्मभर वाटत राहिलं असतं."

मी रिक्षा बघायला रस्त्यावर गेलो.

गाडी भंगारात गेली. मुग्धाचा डावा हात कोपरात वाकला तो पुन्हा पुरता सरळ झाला नाही. काकांनी महिन्याभरात राजीनामा दिला. साहेबांनी फार समजावलं. काका म्हणाले, "मी पाच महिने एक वस्तू तपासली आणि चुकीची निवडली. मुलीला त्या गाडीत बसवलं. माझ्या तपासण्यावर आता तुम्ही भरवसा ठेवाल, मी नाही ठेवू शकत." निरोपाला केक होता. त्यांनी तो खाल्ला, आधी वास घेऊन नव्हे. सरळ खाल्ला. ते बघून मला एकदम बाहेर जावंसं वाटलं.

कारण ती खरी त्यांची शिक्षा होती. भीती गेली नाही, भीतीवरचा विश्वास गेला. पूर्वी ते घाबरायचे आणि बघायचे. आता नुसते घाबरायचे. काकू एकदा भाजीबाजारात भेटल्या. "हल्ली हे गॅस बघत नाहीत. मला सांगतात, तू बघ, माझं काही खरं नाही." त्या वेळीही मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मुग्धा कशी आहे ते विचारलं.

माझं पुढे बरं चाललं. त्या शनिवारी कोसळलेला प्रोग्रॅम मी रात्रीत उभा केला, त्याचं कौतुकही झालं. आज माझ्या हाताखाली बरीच माणसं आहेत आणि त्यांचं काम माझ्या सहीनं पुढे जातं. सही करताना पेन टेकवायच्या आधी मी थांबतो. लोकांना वाटतं, काळजीपूर्वक वाचतो आहे.

मागच्या हिवाळ्यात वारज्याच्या पुलाखालच्या रस्त्यावर काका दिसले. त्या भागात आता शेताचा मागमूस नाही. दोन्ही बाजूंना गाड्याच गाड्या उभ्या. पाठीत वाकलेले, मफलर, हातात दुधाची पिशवी. मी सिग्नलला होतो. ते पार्क केलेल्या एका गाडीपाशी थांबले, कष्टानं वाकले, चाकावर हात ठेवला आणि एकेका नटाला बोट लावून बघितलं. मग पुढच्या गाडीपाशी. तिसऱ्या गाडीचा मालक, चोविशीतला मुलगा, कानातला इयरफोन काढत आला.

"ओ काका, काय चाललंय?"

"काही नाही. बघतोय."

"माझी गाडी आहे ती."

"असू दे की. तुमची आहे म्हणून तुम्ही बघणार नाही, आणि मला काही कळत नाही." त्यांनी नटावरचं बोट मफलरला पुसलं. "पण कुणीतरी बघायला हवं ना."

मुलगा हसला आणि त्यांना उठायला हात दिला. माझ्यामागे हॉर्न वाजायला लागले. काकांनी आवाजाच्या दिशेनं बघितलं. मी काच वर केली होती. त्यांनी मला ओळखलं की नाही, माहीत नाही. मी गाडी पुढे घेतली.

लिमयेकाका वारज्यालाच राहतात, मुग्धाजवळ. त्यांनी निवडलेली चाकं बरोबर होती, हे त्या दोघांसमोर बसून सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.